अर्ध्या मिलिमीटरचा खटाटोप

पेन पेन्सिलीत घालायची, डबीवर ०.५ छापलेली शिशाची काडी जाडी मोजायच्या व्हर्नियर कॅलिपरमध्ये हलक्या हाताने धरून बघा. आकडा ०.५ येत नाही, ०.५६च्या आसपास येतो. कंपनीने फसवलेलं नाही. आंतरराष्ट्रीय मानकातच ०.५ म्हणवल्या जाणाऱ्या शिशाची जाडी ०.५५ ते ०.५८ मिलिमीटर ठरवून दिली आहे. ०.३चं शिसं प्रत्यक्षात ०.३७ ते ०.३९ असतं आणि ०.७चं मात्र जवळजवळ नावाप्रमाणे ०.७च भरतं. म्हणजे हे आकडे मापं कमी आणि नावं जास्त. पेन पेन्सिलीच्या जगात शिरताना हा पहिला धक्का बसला की पुढचे सोपे जातात.

पेन पेन्सिल, क्लच पेन्सिल, मेकॅनिकल पेन्सिल, शाळेच्या दुकानातली ‘टकटक पेन्सिल’, काहीही म्हणा. माझी ओळख डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी झाली. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट, काखेत मिनी ड्राफ्टर आणि खिशात काळी, प्लॅस्टिकची, कुणाच्याही नजरेत न भरणारी एक पेन्सिल. आज घरातल्या खणात साठेक आहेत. ‘लिहायला एक पुरत नाही का?’ हा प्रश्न घरी विचारून झाला आहे. त्याचं खरं उत्तर असं की या साठ पेन्सिली एकाच कामाच्या नाहीत. दोन जुन्या दुखण्यांवरचे ते निरनिराळे इलाज आहेत. शिसं मोडतं, हे पहिलं दुखणं. शिसं झिजून टोक बोथट होतं, हे दुसरं. आणि प्रत्येक इलाजाची किंमत एकाच नाण्यात मोजावी लागते, ती म्हणजे टोकाशी येणारी खुळखुळ. एवढं लक्षात ठेवलं तर कुठलीही महागडी पेन्सिल हातात घेऊन तिचा हिशेब मांडता येतो.

आधी शिसं. मराठीत आपण शिसपेन्सिल म्हणतो, पाटीवरच्या पेन्सिलीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. पण त्यात शिसं हा धातू नाही. आहे ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. लाकडी पेन्सिलीत ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती कालवून भाजतात. माती जास्त तर काडी कडक आणि रेघ फिकी, ती एचची बाजू. माती कमी तर काडी मऊ आणि रेघ काळी, ती बीची. मातीची ही काडी दोन मिलिमीटर जाड आणि वर लाकडाचं कवच असलं की ठीक. तिला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बारीक केलं तर कागदाला टेकताच तिचा चुरा होतो. म्हणून जुन्या यांत्रिक पेन्सिलींची शिसं जाडजूड असत. १८२२ साली लंडनमध्ये सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी शिसं पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं लोक चांदीच्या, सोन्याच्या, नक्षीदार पेन्सिली बनवत राहिले, पण आत घालायला बारीक काडी कुणाकडे नव्हती.

ती आली जपानमधून. पेंटेल कंपनीने १९६० साली मातीऐवजी राळेसारखा कृत्रिम पदार्थ वापरून ०.९ची काडी केली आणि १९६२ साली ०.५ची. भाजताना हा पदार्थ स्वतःच जळून कार्बन होतो आणि ग्रॅफाइटच्या कणांना आतून घट्ट बांधून ठेवतो. माती गेली, ताकद वाढली. नवी काडी दोन बोटांत धरून अगदी हळू वाकवा. मोडायच्या आधी ती चक्क धनुष्यासारखी थोडी वाकते. बाकी साऱ्या करामती या वाकण्याच्या जोरावर उभ्या आहेत.

जपानचा विषय निघाला आहे तर एक आडवळण घेतो. टोकुजी हायाकावा नावाच्या कारागिराने १९१५ साली टोकियोत धातूची यांत्रिक पेन्सिल बाजारात आणली. ‘एव्हर-रेडी शार्प’ या नावाने ती जोरात खपली. १९२३च्या भूकंपात त्याचा कारखाना गेला, बायको आणि मुलं गेली आणि कर्जापायी पेन्सिलीचे हक्कही सोडावे लागले. तो ओसाकाला गेला आणि रेडिओ बनवू लागला. त्याच्या कंपनीचं आजचं नाव शार्प. आपल्याकडे ज्यांनी शार्पचा कॅल्क्युलेटर वापरला आहे, त्यांच्या टेबलावर त्या पेन्सिलीचं नाव होतंच. जपानीत आजही या पेन्सिलीला ‘शापेन’ म्हणतात, ‘शार्प पेन्सिल’चं ते लघुरूप.

आता शिसं का मोडतं, याचं गणित. गोल काडीची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने वाढते. जाडी दुप्पट तर ताकद आठपट. खरी मापं घेऊन हिशेब केला तर ०.५ची काडी ०.३च्या सुमारे सव्वातीनपट दणकट निघते आणि ०.७ची ०.५च्या दुप्पट. दुकानात ‘जरासा फरक आहे’ म्हणून सांगतात तो जरासा नाही. दुसरी बाजू तरफेची. काडी नळीबाहेर जितकी लांब, तितका तिच्या बुडाशी पडणारा ताण जास्त, आणि तो सरळ प्रमाणात वाढतो. एका खटक्याला साधारण अर्धा मिलिमीटर शिसं बाहेर येतं. दोन खटक्यांवर लिहिणाऱ्याच्या मानाने चार खटक्यांवर लिहिणारा शिशावर दुप्पट ताण देतो. ‘माझी पेन्सिल सारखी मोडते’ म्हणणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांचा इलाज नवीन पेन्सिल हा नसतो, दोन खटके कमी मारणं हा असतो. (दहावा माणूस पेन्सिल खिशात टोक खाली करून ठेवतो.)

पेन्सिल उघडून बघितली नसेल तर एकदा बघाच. टोकाचा शंकू उलटा फिरवून काढला की आत पितळेचा, कधी प्लॅस्टिकचा, तीन किंवा दोन पाकळ्यांचा चिमटा दिसतो. ड्रिल मशीनचा चक बघितलेल्याला हा लगेच ओळखू येईल. पाकळ्यांभोवती एक बारीक कडं असतं. कडं पाकळ्यांवर चढलेलं असताना त्या मिटलेल्या असतात आणि शिसं आवळून धरतात. खटका दाबला की चिमटा शिसं घेऊन कड्यासकट पुढे येतो. ठरावीक अंतरावर कडं अडतं, चिमटा त्यातून पुढे निसटतो आणि पाकळ्या उघडतात. खटका सोडला की उघडा चिमटा स्प्रिंगने मागे जातो. या क्षणी शिसं परत मागे का जात नाही? कारण शंकूच्या आत रबराचं एक इवलंसं बूच असतं, ते शिशाला धरून ठेवतं. मग पाकळ्या कड्यात ओढल्या जाऊन पुन्हा मिटतात. एका ‘टक्’ आवाजात एवढं सगळं घडतं.

यातून दोन गोष्टी कळतात. लिहिताना शिसं घट्ट धरतो तो चिमटा. रबर फक्त खटक्याच्या वेळेपुरतं कामाला येतं. त्यामुळे काडीचं मागचं टोक चिमट्यातून सुटलं की शेवटचा सेंटीमीटरभर तुकडा रबरावर लोंबकळत राहतो, लिहिताना गोल फिरतो, आत जातो. तो टाकूनच द्यावा लागतो. दुसरं म्हणजे पेन्सिल ‘खराब’ झाली असं वाटतं तेव्हा बहुधा या चिमट्याच्या आणि नळीच्या मधे मोडका तुकडा अडकलेला असतो. शंकू काढून बारीक तारेने ढकलला की काम झालं.

तुलनेची सुरुवात मी नेहमी पेंटेल पी २०५पासून करतो. काळी, प्लॅस्टिकची, वजन नऊ-दहा ग्रॅम, पुढे चार मिलिमीटरची सरळ नळी. ही नळी इतकी लांब कशासाठी, हे ड्रॉइंग केलेल्याला सांगावं लागत नाही. पट्टीच्या कडेला टेकवल्यावर शंकूचा फुगीर भाग आड येत नाही, रेघ पट्टीला चिकटून जाते आणि टोक नेमकं कुठे आहे ते दिसतं. माझ्या मते लिहिण्याच्या सुखात ही स्वस्त पेन्सिल तिच्या दसपट किमतीच्या कित्येकींना लाजवते. तिच्यात काही हलत नाही, म्हणून काही खुळखुळतही नाही.

दुसऱ्या टोकाला जर्मन रॉटरिंग ६००. रॉटरिंग म्हणजे जर्मनमध्ये लाल कडं, आणि ते कडं पेन्सिलीवर असतंच. कंपनी हॅम्बुर्गची, १९२८ सालची; ही पेन्सिल मात्र आता जपानमध्ये बनते. अंग पितळेचं, षट्कोनी, वजन बावीस-तेवीस ग्रॅम, म्हणजे पी २०५च्या दुपटीहून जास्त. पकडीच्या जागी धातूवर बारीक चौकटींची जाळी कोरलेली. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केलेले याला नर्लिंग म्हणतात आणि लेथवर ते स्वतः करतात. असा एक जण माझ्याकडची ६०० हातात फिरवत बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, ‘कड मारलीय बघा, टोचत नाही.’ नर्लिंग करणं सोपं, ते बोटाला न टोचणारं करणं अवघड, आणि या पेन्सिलीचे अर्धे पैसे तिथे गेलेले आहेत.

वजनाबद्दल लोकांचा गैरसमज असतो की जड म्हणजे चांगली. जड पेन्सिलीने पाच ओळी लिहिताना झकास वाटतं, कारण दाब तिच्या वजनानेच पडतो. पाच पानांनंतर मनगट वेगळं बोलायला लागतं. शिवाय वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. पेन्सिल एका बोटावर आडवी तोलून बघा. तोल टोकाकडे असेल तर जड पेन्सिलही हातात स्थिर बसते, मागे असेल तर हलकीसुद्धा मागे ओढते. १९८६ सालापासून चालत आलेली पेंटेलची ग्राफ १००० या कसोटीवर मला सर्वांत शहाणी वाटते. धातूच्या पकडीत रबराचे ठिपके बसवलेले, वजन मोजकं आणि तेही पुढे. दिसायला अगदी सरकारी. संग्राहक तिचे फोटो काढत नाहीत, पण लिहायला बसले की तीच उचलतात. स्टेडलरच्या चंदेरी ९२५ २५चीही जात तीच, अॅल्युमिनियमची. तिच्यावर शिशाचा कडकपणा दाखवणारं फिरतं कडं असतं. टेबलावर चार सारख्या पेन्सिली असतील आणि एकीत २एच, दुसरीत एचबी असेल तर या कड्याची किंमत कळते.

इथवर सगळ्या पेन्सिली ‘काही हलू देऊ नका’ या पंथाच्या. आता दुसरा पंथ.

मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने २००८ साली कुरु तोगा आणली. (मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशीशी या कंपनीचा संबंध नाही.) ‘कुरु’ म्हणजे गरकन फिरणं आणि ‘तोगा’ टोकदार होण्याच्या जपानी शब्दातून घेतलेलं. शिसं एकाच बाजूने झिजतं, तिथे तिरपी सपाटी येते आणि रेघ जाड होत जाते. लाकडी पेन्सिल वापरताना आपण ती नकळत बोटांत फिरवतो. कुरु तोगा तेच आपणहून करते. टोक कागदावर टेकलं की शिसं केसभर वर ढकललं जातं, आतलं दातेरी चाक उचललं जातं आणि थोडं फिरतं. टोक उचललं की ते खाली येतं आणि पुन्हा थोडं फिरतं. एका टेकण्या-उचलण्यात शिसं ९ अंश वळतं. ४० वेळा टोक टेकवलं की एक फेरा पूर्ण. शिसं सगळीकडून सारखं झिजतं आणि टोकाशी लहानसा शंकू तयार होतो.

या यंत्राचं इंधन म्हणजे पेन्सिल उचलणं, आणि इथे लिपीचा प्रश्न येतो. जपानी लिपीतल्या कित्येक चिन्हांना आठ-दहा वेळा टोक उचलतात, त्यामुळे तिथे ती सुसाट फिरते. अक्षरं जोडून लिहायच्या इंग्रजी वळणात पूर्ण शब्द एका ओढीत जातो. ‘पेन्सिल’ हा शब्द इंग्रजीत जोडून लिहिला तर टोक जेमतेम दोनदा टेकतं, एकदा शब्दासाठी आणि एकदा आयच्या टिंबासाठी. देवनागरीचं काय? मी ‘मराठी’ हा शब्द लिहून मोजला. मला म दोन वेळात, र एका, काना एका, ठ आणि दीर्घ वेलांटी मिळून तीन आणि शेवटी शिरोरेषा एक. आठ झाले. आठ गुणिले नऊ, बहात्तर अंश. असे पाच शब्द लिहिले की एक फेरा बरोब्बर पूर्ण. तुमचं वळण वेगळं असेल तर हिशेब एक-दोनने हलेल, पण देवनागरी लिहिणाऱ्याला कुरु तोगा चांगली मानवते हे नक्की. मोडी लिहिणाऱ्याला मात्र ती घेऊ नका म्हणेन. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जातात. उचलणंच टाळायची ज्या लिपीची सवय, तिथे हे चाक बसून राहणार.

आणि खुळखुळीचं काय? शिसं केसभर वरखाली होतं म्हणजे टोक कागदावर टेकताना किंचित मऊ लागतं. गादीवर टेकल्यासारखं. काहींना ते कळतही नाही. मला कळतं, आणि ड्रॉइंगला मी ती वापरत नाही. लिहायला वापरतो.

मोडण्यावरचे इलाजही असेच. झेब्रा या जपानी कंपनीच्या डेलगार्डमध्ये दोन स्प्रिंगा आहेत. सरळ दाब जास्त झाला तर एक स्प्रिंग शिशाला आत घेते. तिरपा दाब वाढला तर दुसरी नळीला पुढे सरकवून शिसं झाकते. डेलगार्ड आणि पेंटेलची ओरेंझ, दोन्ही पेन्सिली २०१४च्या, पण ओरेंझ आणखी पुढे गेली. ओरेंझमध्ये शिसं नळीबाहेर काढायचंच नाही. नळीसकट टोक कागदावर टेकवायचं, शिसं झिजेल तशी नळी मागे सरकते. बाहेर काहीच नाही म्हटल्यावर तरफ कसली आणि मोडणं कसलं. त्यामुळे ०.२ची काडी, जी कागदावर ठेवली तर मांजराच्या मिशीचा केस वाटावी, तिने लिहिता येऊ लागलं. २०१७च्या ओरेंझ नेरोमध्ये तर टोक उचललं की नळी आपोआप पुढे येते आणि शिसंही सोबत आणते. एकदा खटका मारा आणि काडी संपेपर्यंत लिहा. मात्र नळीची कड कागदावरून घासत जाते, आणि पेन्सिल फार तिरपी धरणाऱ्याला ती खरखर सोसत नाही.

साठवायचं ठरवलंत तर माझा सल्ला रंगांच्या मागे न लागण्याचा आहे. एकाच पेन्सिलीचे बारा रंग जमवणारे असतात, त्यांचा आनंद त्यांना लखलाभ. पण प्रत्येक पेन्सिलीने काहीतरी वेगळं सोडवलेलं असावं असं बघितलं तर आठ-दहातच खण बोलका होतो. एक स्थिर नळीची, एक फिरत्या शिशाची, एक झाकलेल्या शिशाची, एक हलवली की शिसं पुढे येणारी. एक दोन मिलिमीटरच्या जाड काडीची हवीच. तिच्यात खटक्याला ठरावीक शिसं येत नाही. बटण दाबलं की पाकळ्या उघडून काडी सरळ खाली घसरते, खाली तळहात धरला नाही तर जमिनीवर. स्विस कारान दाशची फिक्सपेन्सिल या जातीची, १९२९ सालची आणि अजून बनते. झेक कोह-इ-नूरच्या क्लच पेन्सिलीही याच जातीच्या, आणि हो, ते नाव आपल्या गोवळकोंड्याच्या हिऱ्याचंच. जुन्यांत इंग्लिश यार्ड-ओ-लेडचं नाव मला फार आवडतं. तीन इंचांच्या बारा काड्या पोटात मावतात, म्हणजे छत्तीस इंच, म्हणजे एक यार्ड शिसं. नाव नाही, हिशेबच.

चार मिलिमीटरच्या नळीची एक वाईट बाजू सांगायची राहिली. तीन वर्षांपूर्वी माझी एक जड, पितळी, तेव्हाची सगळ्यांत महाग पेन्सिल टेबलावरून शहाबादी फरशीवर पडली. जड आणि तोल पुढे, त्यामुळे पडली ती सरळ नाकावर. नळी वाकली ती डोळ्याला धड दिसतही नव्हती, पण शिसं तिथे येऊन थांबायचं. पक्कड लावून सरळ करायला गेलो आणि ती चेमटली. जे गुण ड्रॉइंगला हवेत तेच पडल्यावर नडतात. म्हणून टोक आत घेता येणाऱ्या पेन्सिली आल्या. पेंटेलच्या ग्राफगिअर १०००मध्ये क्लिप दाबली की टोक खाडकन आत जातं, रॉटरिंग ८००मध्ये मागचा भाग फिरवून. अर्थात जे आत-बाहेर होतं त्यात किंचित मोकळीक ठेवावीच लागते, आणि खुळखुळ पुन्हा आलीच.

जुनी पेन्सिल विकत घेताना चकचकीत अंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. काळा रंग उडून आतलं पितळ दिसत असेल तर तो दोष नाही, कुणीतरी ती वापरली होती एवढंच. आधी टोक डोळ्यासमोर धरून पेन्सिल बोटांत फिरवा. नळी वाकडी असेल तर टोक जागेवर न फिरता बारीक वर्तुळ काढतं. मग टोपीखालचं खोडरबर बघा. दगड झालेलं असेल तर पेन्सिल वर्षानुवर्षं पडून आहे. आतलं रबरी बूचही तितकंच जुनं असणार, हे त्यावरून कळतं. शेवटी शिसं घाला, दहा खटके मारा आणि बाहेर आलेलं शिसं मोजा. साधारण पाच मिलिमीटर भरलं तर ठीक. मग दोनच खटक्यांचं टोक ठेवून कागदावर नेहमीपेक्षा जोर देऊन उभं दाबा. शिसं आत सरकलं तर चिमटा झिजलेला आहे किंवा त्यात ग्रॅफाइटची पूड बसली आहे. पूड असेल तर धुऊन निघते, झिजलेला चिमटा मात्र बदलावाच लागतो आणि जुन्याचा सुटा भाग मिळत नाही. या तपासणीला जाताना शिशाची डबी आपली न्यावी. विकणाऱ्याकडे ती कधीच नसते.